पुठ्ठ्याची पेठ

दिवाळीचा किल्ला मोजून-मापून बांधलेला मी आजवर पाहिलेला नाही. दगड, विटांचे तुकडे आणि एखादे जुने पोते यांवर चिखल थापायचा, अळीव पेरायचे, पायथ्याशी परात पुरून तळे करायचे आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागा मिळेल तिथे उभे करायचे, एवढेच त्याचे शास्त्र. महाराज सिंहासनासह सगळ्यांत वर. ते महादरवाजाच्या दुप्पट उंच असतात. पण मग ते आत गेले कसे, असे कोणत्याही मुलाने विचारल्याचे मला आठवत नाही. शेजारी वाघ असतो आणि वाघाहून मोठी कोंबडीही असते. कुणाचेच काही बिघडत नाही.

गेल्या वर्षी मात्र आमच्या अंगणात हा प्रश्न निघाला, आणि तो निघाला एका आगगाडीमुळे. माझ्या मुलीचा मामा जर्मनीत नोकरीला आहे. तो सुटीवर आला तेव्हा भाचीसाठी विजेवर चालणारी छोटी गाडी घेऊन आला. इंजिन, तीन डबे, अडीच फूट रुंदीचा लांबट गोल होईल इतके रूळ, आणि जोडून उभे करायचे एक प्लॅस्टिकचे स्टेशन. साहजिकच ती गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी धावली पाहिजे असे ठरले. धावलीही. पण पहिल्याच फेरीला ती एका पहारेकऱ्याच्या पायापाशी आली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, हा मावळा तर इंजिनाच्या डोक्यावरून पलीकडे बघतोय!"

खोक्यावर लिहिले होते की ही गाडी खऱ्याच्या ८७ पट लहान आहे. माझे गणित मॅट्रिकपुरते. तरी तेवढ्यावर हिशेब झाला. साडेतीन इंची मावळा म्हणजे खरा पंचवीस फूट उंच मनुष्य. साडेपाच फुटांचा माणूस या जगात पाऊण इंचाचा. आणि ते स्टेशन? त्याचे छप्पर असे काही उभे उतरते की बर्फ घसरून पडावे. आमच्या तालुक्याच्या गावी मे महिन्यात पारा बेचाळिसाला टेकतो, आणि बर्फ आम्हांला फक्त उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात दिसते.

"आपल्या गावासारखी घरं नाही का मिळत?" मुलीने विचारले. मी चौकशी केली. मला तरी मिळाली नाहीत. मिळत नाहीत तर करावी लागतील, आणि करायची तर ती कशी करतात हे पाहावे लागेल, अशा साध्या मार्गाने मी या विषयात शिरलो. त्यातून एक वर्षाचे वाचन झाले, पुण्याच्या दोन खेपा झाल्या, आणि घरातल्या पुठ्ठ्याच्या एकाही खोक्याला अखंड राहू दिले गेले नाही, अशी आमच्या सौभाग्यवतींची तक्रार आहे.

पुण्याच्या खेपा कोथरूडमधल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयासाठी. भाऊसाहेब जोशी नावाच्या पुणेकर हौशी गृहस्थांनी हे लहानसे शहर उभे केले, आणि १९९८ सालापासून ते लोकांना कायमचे पाहायला मिळू लागले. गाड्या, सिग्नल, पूल, सर्कस, हे तर आहेच. पण मला आठवते ती तिथली रात्र. दिवे मालवतात आणि मग घराघरांतून, रस्त्यावरून, स्टेशनावरून बारीक बारीक दिवे लागतात. मुले ओरडतात आणि मोठी माणसे गप्प होतात. तिथली घरे बहुतेक परदेशी धाटणीची. त्याला कारण आहे, आणि ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

जर्मनीत गॉप्पिंगेन गावी मेर्कलिन नावाचे घराणे १८५९ पासून पत्र्याची खेळणी करीत असे. बाहुल्यांच्या भातुकलीची भांडी हा त्यांचा मूळ धंदा. १८९१ साली लायप्झिगच्या जत्रेत त्यांनी किल्ली देऊन चालणारी गाडी रुळांसकट मांडली, आणि रुळांची ठराविक मापे लावून दिली, म्हणजे आज घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी घेतलेला रूळ जुळावा. शहाणा व्यापारी! एकदा गाडी घरात शिरली की दरवर्षी नाताळात काही ना काही घ्यावेच लागणार. त्या "काही ना काही"मध्ये पहिले नाव स्टेशनाचे. पत्र्याची, हाताने रंगवलेली ती स्टेशने आता संग्राहकांकडे जपलेली असतात. घड्याळ, तिकिटाची खिडकी, उपाहारगृह, सगळे काही. आणि खिडक्यांतून उजेड दिसावा म्हणून आत मेणबत्ती लावण्याची सोय. पण गाडीच्या मानाने इमारत लहानच. दरवाजातून प्रवासी जाईल, पण त्याची टोपी जाणार नाही, असा प्रकार. म्हणजे आमच्या महादरवाजासारखेच! आणि स्टेशनाच्या मागे गाव नसायचे. मागे दिवाणखान्याचा गालिचा. मुलालाही गावाची गरज भासत नसावी. गाडी फिरते आहे ना, मग झाले.

गाव हवे असे वाटू लागले ते गाड्या लहान झाल्यावर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या दशकात "शून्य" नावाच्या मापाच्या निम्मे माप निघाले, त्याला एच-ओ म्हणतात. हीच ती ८७ पट लहान गाडी. गालिच्यावर मावणारा पसारा आता मेजावर मावू लागला. इंग्रजांनी येथेही आपला वेगळा घोळ घालून ठेवला. त्यांची खरी इंजिने युरोपातल्यापेक्षा बुटकी. निम्म्या मापात केली तर त्या काळची मोटर आत बसेना. तेव्हा रूळ तेच ठेवून त्यांनी इंजिन आणि डबे किंचित मोठे, म्हणजे ७६ पट लहान केले. परिणाम असा की इंग्लंडातल्या छोट्या गाड्या आजही गरजेपेक्षा अरुंद रुळांवर धावतात आणि त्यांची घरे जर्मन घरांहून थोराड असतात. दोन देशांची घरे एका रस्त्यावर ठेवावीत तर जर्मन माणूस इंग्रजाच्या खांद्याला लागतो.

असो. मेज आले, तसे गाव आले. आणि गाव येताच हौशी माणसाला जी पहिली ठेच लागते ती लांबीची. एक किलोमीटर म्हणजे या मापाने अडतीस फूट. आपली अठरा डब्यांची एक्स्प्रेस पंधरा फूट लांब होते. ती उभी राहायला तेवढा फलाट हवा. कुणाच्या घरात एवढी जागा आहे? मग पाच डब्यांची गाडी हीच एक्स्प्रेस मानायची, फलाट तेवढ्यापुरता करायचा, आणि फलाटामागची स्टेशनाची इमारत खऱ्यात एकवीस कमानींची असेल तर सात कमानींची करायची. गंमत अशी की उंचीला मात्र हात लावायचा नाही. दाराची उंची, पायरीची उंची, कठड्याची उंची खरी हवी, कारण तिथे पाऊण इंची माणूस उभा राहणार असतो आणि डोळा लगेच त्याच्याशी ताडून पाहतो. लांबी कापली तर डोळा क्षमा करतो. दार कापले तर करीत नाही. सात कमानींचे स्टेशन पाहून लोक म्हणतात, "अगदी तेच!" एकवीस कमानी कुणी मोजलेल्या नसतात.

शहर करायचे तर आणखी युक्त्या लागतात. मेजाच्या कडेला भिंत असते. शहर तिथे संपल्यासारखे दिसता कामा नये. म्हणून भिंतीलगतची घरे अर्धीच करतात, म्हणजे पुढचा दर्शनी भाग आणि मागे इंचभर खोली. शेवटच्या रांगेची घरे मुद्दाम आणखी लहान मापाने करतात, म्हणजे ती दूर वाटतात. रस्ता भिंतीला सरळ जाऊन भिडू देत नाहीत. त्याला वळण देतात, किंवा त्याच्यावरून एखादा पूल टाकतात, म्हणजे पलीकडे काय आहे हे पाहणाऱ्याने मनात भरून घ्यावे. कॅलिफोर्नियात माँटेरे येथे जॉन ॲलन नावाचा छायाचित्रकार राहत असे. तो तर आरसे लावी. रस्ता आरशात शिरून पुढे चालू राही आणि खोली दुप्पट होई. इंजिनांवर काजळी, घरांवर डाग, जुन्या लाकडाचा उडालेला रंग, असे सगळे मळवून खरे करण्याची रीत अमेरिकेत त्याच्यामुळे फैलावली. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला, आणि दहाच दिवसांत त्याच्या घराला आग लागून ती सगळी मांडणी जळाली. राहिली ती छायाचित्रे. तो छायाचित्रकार होता, हे एका परीने बरेच झाले.

आणि छपरे! हे मला आधी सुचलेच नसते. आपण शहरात जन्म काढतो, पण आपल्या शहराची छपरे पाहत नाही. आपण खालून चालतो. मेजावरच्या शहराकडे मात्र माणूस वरून पाहतो. म्हणून तिथला कारागीर दर्शनी कमानीवर खर्च करतो त्याहून जास्त वेळ छपरावर घालवतो. पाण्याची टाकी, धुराडे, फुटलेले कौल, वाळत घातलेले कपडे, जिन्याची खोली. खऱ्या शहरात जो भाग कावळ्यांचा आणि पतंग उडवणाऱ्या पोरांचा, तोच येथे मुख्य.

दिव्यांची भानगड तर आपल्याला चटकन कळण्यासारखी आहे. पातळ पुठ्ठ्याच्या घरात एक दिवा लावला की काय होते? घराचा आकाशकंदील होतो. भिंतींतून उजेड, छपराच्या फटींतून उजेड, आणि चारही मजल्यांवर एकाच वेळी. तेव्हा घर आतून काळे रंगवावे लागते, मजले पाडावे लागतात, खोल्यांना आडभिंती घालाव्या लागतात. मग एक खिडकी उजळते आणि शेजारची काळोखात राहते. पुण्यात त्या रात्री मुले का ओरडली आणि मोठी माणसे गप्प का झाली, ते मला घरी येऊन पुठ्ठा कापताना उमगले. सगळ्या खिडक्या पेटल्या तर ती रोषणाई. काही पेटल्या आणि काही विझलेल्या राहिल्या की तिथे माणसे राहतात असे वाटते. कुणी जागे आहे, कुणी निजले आहे.

आता त्या परदेशी धाटणीच्या घरांचे मूळ. १९४६ साली, म्हणजे जर्मनीची शहरे ढिगाऱ्यांत पडलेली असताना, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात गुटेनबाख या खेड्यात एडविन आणि हेर्मान फालर या दोघा भावांनी कारखाना काढला. पुढे त्यांनी रेल्वेच्या मापाची घरे करून विकायला सुरुवात केली. आधी लाकूड आणि पुठ्ठा, मग पन्नाशीच्या दशकात प्लॅस्टिकचे सुटे भाग, घरी बसून चिकटवायचे. त्यांच्यासारखे आणखीही कारखाने निघाले. त्या काळचा जर्मन बाप संध्याकाळी मुलाला घेऊन मेजाशी बसला असेल तर खिडकीबाहेर काय दिसत असेल? पडक्या भिंती, विटांचे ढीग. आणि मेजावर दोघे मिळून उभी करीत होते ती खिडक्यांत फुलांच्या कुंड्या असलेली कोरी घरे. मी त्या लोकांचे मन वाचल्याचा दावा करीत नाही. पण मला हे चित्र विसरता येत नाही. ज्या युद्धाने घरे पडली ते त्याच देशाने सुरू केले होते, आणि त्या मेजावरच्या गावात त्याचा एक ओरखडाही नव्हता. शहर उभे करताना काय गाळायचे, हा प्रश्न नुसता कमानींचा नसतो.

मग खरी शहरे नव्याने बांधली जाऊ लागली, आणि मेजावरची शहरेही त्यांच्या मागोमाग गेली. सपाट छपरे, काचेच्या भिंती, पेट्रोलचे पंप, बहुमजली इमारती. हेर्मान फालरला स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातला, अंब्री येथला एक नव्या धाटणीचा बंगला आवडला होता. त्याच धर्तीचा बंगला त्याने गुटेनबाखला स्वतःसाठी बांधला. आणि १९६१ साली त्या घराचा संचही बाजारात आला. म्हणजे ज्याला तसला बंगला बांधणे शक्य नव्हते तो काही मार्कांत तो मेजावर उभारू शकत होता. हे संच हजारो घरांत गेले. पुढे त्या काळच्या खऱ्या इमारती कुणाला आवडेनाशा झाल्या आणि अनेक पाडल्या गेल्या. माळ्यावरच्या खोक्यांत मात्र त्यांची पिलावळ शिल्लक होती. २०१८ साली फ्रँकफर्टच्या जर्मन वास्तुकला संग्रहालयात या छोट्या घरांचे आणि त्यांच्या मूळ इमारतींचे खास प्रदर्शन भरले. खेळण्यावरून इमारतीचा इतिहास सांगण्याची ही वेळ!

याच्या उलट टोकाला अमेरिकेतला जॉर्ज सेलियोस. मॅसॅच्युसेट्समध्ये पीबडी येथे १९८५ साली त्याने जे शहर करायला घेतले त्यात नवे असे काही नाही. काळ मंदीचा, १९३० नंतरचा. विटांच्या उंच इमारती एकमेकींना खेटून, भिंतींवर विटून गेलेल्या जाहिराती, गल्लीत कचरा, दोरीवर कपडे, बंद पडलेल्या दुकानाच्या दारात बसलेला माणूस. इतकी दाटी की रूळ शोधावे लागतात. काही जण म्हणतात, एवढा मळ एका गावात नसतो. मला ते म्हणणे पटत नाही. त्यांनी आमच्या एसटी स्टँडामागची गल्ली पाहिलेली नाही. उलट मला असे वाटते की फालरच्या कुंड्या आणि सेलियोसचा कचरा या दोन्ही आठवणीच आहेत. एकाने हवे ते ठेवले, दुसऱ्याने लोक जे टाकून देतात ते वेचले.

पण या सगळ्यांत माझ्या मनात घर करून राहिला तो रॉय इंग्लंड. नावाने इंग्लंड, जन्माने ऑस्ट्रेलियन. १९२५ साली तो शिक्षणासाठी इंग्लंडात आला, आणि ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडच्या व्हाइट हॉर्स खोऱ्यातल्या खेड्यांच्या प्रेमात पडला. त्याच्या डोळ्यांदेखत जुनी शाकारलेली छपरे जाऊन कारखान्यातली छपरे येऊ लागली, झोपडीवजा जुनी घरे पडू लागली. तो ना जमीनदार ना सरकारी अधिकारी. पाडणाऱ्याचा हात धरण्याची त्याला सोय नव्हती. तेव्हा त्याने टेप घेतली. घरोघर जाऊन भिंती मोजायच्या, विटांचे थर मोजायचे, बागेत कोणती फुले आहेत ते टिपायचे, आणि घरी येऊन ७६ पट लहान तेच घर करायचे. एकेका घराला महिनेच्या महिने लागत. १९५४ साली त्याने लाँग विटनम येथे पेंडन नावाचे संग्रहालय काढले, आणि त्याच्या माघारी तिथले स्वयंसेवक अजून ते खोरे पुरे करीत आहेत. गाडी तिथेही धावते. पण गाडीसाठी गाव आहे की गावासाठी गाडी, हे सांगणे कठीण.

त्याच संग्रहालयात जॉन अहर्न नावाच्या लंडनकर गृहस्थाची "मॅडर व्हॅली" ही मांडणीही ठेवलेली आहे. तिचा मार्ग अगदी वेगळा. अहर्नला जिथे जे घर आवडेल तिथून त्याने ते उचलले. एका गावचे दारूचे दुकान, दुसऱ्या गावची गिरणी, आणि त्या सगळ्यांचे मिळून एक नसलेलेच बंदर वसवले. नुसती गाडी पळवण्यापेक्षा तिच्याभोवतीचा मुलूख जिवंत करावा, हे त्यानेच इंग्रज हौशी मंडळींना प्रथम मनावर घ्यायला लावले, असे म्हणतात. मी कादंबरीकार आहे, तेव्हा माझा धंदा अहर्नचा. चार गावची माणसे उचलून पाचव्या गावात बसवायची. कुणी तक्रार करीत नाही. पण पेठ करायला बसलो तेव्हा मला रॉय इंग्लंडसारखे काम करावेसे वाटले, आणि माझ्याजवळ त्याची टेप नव्हती.

पेठेकडे वळण्याआधी हॅम्बुर्गचे तेवढे सांगतो. तिथे बंदरावरच्या जुन्या वखारींच्या वस्तीत, जिचा निम्म्याच्या आसपास भाग युद्धात उद्ध्वस्त होऊन पुन्हा बांधला गेला, ब्राउन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ साली "मिनिआटुर वुंडरलांट" उघडले. आज ते अशा प्रकारच्या मांडण्यांत जगात सर्वांत मोठे गणले जाते. त्यात हॅम्बुर्ग शहरही आहे. खऱ्या हॅम्बुर्गात तेव्हा एल्बफिलहार्मोनी नावाचे भव्य संगीतगृह बांधणे चालू होते. २००७ साली काम सुरू झाले, २०१० ला पुरे व्हायचे होते. ते लांबत गेले, खर्च वाढत गेला, लोक कंटाळले. छोट्या हॅम्बुर्गातले संगीतगृह २०१३ च्या नोव्हेंबरात बांधून तयार झाले, बटण दाबले की दुभंगून आतला वाद्यवृंद दिसावा अशा करामतीसह. खरे उघडले ११ जानेवारी २०१७ रोजी. तीन वर्षे हॅम्बुर्गकर पुठ्ठ्या-प्लॅस्टिकच्या शहरात जाऊन आपल्या शहराचे संगीतगृह पाहत होते!

तर आमची पेठ. माझ्या वडिलांचे, अण्णांचे, तिथे किराणा दुकान होते. खाली दुकान, वर माडी. माडीवर आम्ही राहत असू. १९९३ साली रस्ता रुंद करायचे ठरले आणि दोन्ही बाजूंची घरे अकरा-अकरा फूट कापायची आखणी झाली. चौदा फूट रुंद आणि पस्तीस फूट खोल दुकानाचे अकरा फूट गेले की उरते त्यात दुकान राहत नाही. बहुतेकांनी उरलेले पाडून टाकले. आता तिथे काचेची दुकाने आहेत, रस्ता खरोखरच रुंद आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अकरा-अकरा फूट मोटारी उभ्या असतात.

८७ ने भागले की दुकानाची रुंदी दोन इंचांना थोडी कमी भरते, उंची तीन इंच. पेठेच्या एका बाजूला चाळीस दुकाने. म्हणजे जवळजवळ साडेसहा फूट. आमच्या मेजावर रूळ वजा जाता दीड फुटाहून थोडी जास्त जागा. दहा दुकाने मावतील. मी मोठ्या शास्त्रीय थाटात अण्णांना सांगितले की सगळे जण असेच करतात, एकवीस कमानींच्या सात करतात, आपणही तीस दुकाने गाळू.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "कुणाला गाळतोस?"

मी यादी वाचली. कासार ठेवला, सोनार ठेवला, शिंपी ठेवला, आपण आहोतच. तांबट गाळला होता, कारण त्याच्या दुकानाचा दर्शनी भाग अगदीच साधा, नुसती फळ्यांची रांग.

"तांबटाला गाळलंस तर पेठेला आवाज कुठला?" अण्णा म्हणाले. "सकाळी त्याची ठोकठोक सुरू झाली की मी दुकान उघडायचो."

तांबट आत आला, सोनार गेला. मग अत्तरवाला राहिला, असे अण्णांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आले. मग कल्हईवाला, पण तो तर रस्त्यावर बसायचा, त्याला जागा लागत नाही, असा तोड निघाला. असे आठ दिवस चालले. कमानींच्या बाबतीत ही अडचण येत नाही. गाळलेली कमान कुणाच्या लग्नाला आलेली नसते. शेवटी मुलीने मेज भिंतीपासून ओढले आणि पाठच्या बाजूला अर्ध्या घरांची एक रांग बसेल हे दाखवून दिले. अशी एकूण एकोणीस दुकाने झाली. एकवीस उरली, ती वळणापलीकडे आहेत असे समजायचे.

खरा पेच आमच्याच दुकानाचा पडला. खालच्या फळ्या, ओटा, दोन पायऱ्या, पन्हळी पत्र्याची पडवी, सगळे आठवते. वरच्या माडीला पुढून खिडक्या किती? मी तिथे बारा-तेरा वर्षे राहिलो. मला तीन आठवतात. अण्णा म्हणतात चार. धाकटे काका फोनवर म्हणाले, "तीनच. पण मधली मोठी होती." घरात त्या बाजूचा एकच फोटो आहे, काकांच्या वरातीचा. त्यात घोडा आहे, पेट्रोमॅक्स आहे, पडवीवर चढलेली पोरे आहेत, आणि माडीची डावीकडची अर्धी बाजू आहे. त्या अर्ध्या बाजूत दीड खिडकी दिसते. दिडाचे तीनही होतात. आणि उजव्या कोपऱ्यात एखादी जास्त असेल तर चारही.

"आत्याला विचारा," अण्णा म्हणाले. "लग्न होईपर्यंत ती त्याच खिडकीत बसून असायची."

आत्याला फोनवर ऐकू येत नाही. तिला विचारायचे तर समोर बसून, जरा मोठ्याने. ती भाऊबीजेला येणार आहे. तोवर एकोणीसांपैकी अठरा दुकाने रंगवून जागच्या जागी बसली आहेत, तांबटाच्या फळ्यांना काळा हात मारून झाला आहे, आणि आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्याचा पुढचा पुठ्ठा मुलीने न कापता वहीत ठेवला आहे.